घराचा पैसा वेगळा ठेवायचा



धान केंद्रावर गेला की आपल्या भागात दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात, एक लग्नाची आणि दुसरी घराची. लग्नाची बोलणी लवकर पुढे सरकतात. घराची मात्र दरवर्षी होतात आणि मृग लागला की पुन्हा थांबतात, कारण तोवर पैसा रोवणीला, खताला आणि पोरांच्या वह्यापुस्तकांना गेलेला असतो. म्हणून आज आम्ही घरासाठी पैसा कसा साठवायचा त्यावर बोलणार आहोत. लाखनी, साकोली, पवनी, लाखांदूर अशा तालुक्यांतल्या बचत गटांच्या बायांबरोबर बसून जे हिशोब केले, तेच तुम्हाला सांगतो.

आपल्यापैकी अजून किती जणी कुडाच्या नाहीतर मातीच्या भिंतीत आणि कवेलूखाली राहतात, ते आम्ही सांगायला नको. कवेलूचं घर उन्हाळ्यात थंड राहतं, हे खरं आहे. पण माकडं एकदा छपरावरून गेली की अर्धे कवेलू फुटतात. दरवर्षी पावसाआधी छप्पर फेरायचं, फाटे बदलायचे, प्लास्टिक आणायचं. एका बैठकीत आम्ही बायांना विचारलं, मागच्या पाच वर्षांत घर डागडुजीला किती लागले? कोणाकडेच हिशोब नव्हता. मग बसून आठवून आठवून मांडला, तेव्हा मजुरी, बांबू आणि ताडपत्री धरून एकेकीचा आकडा पंधरा-वीस हजारांवर गेला. हा पैसा आपण खर्चातच धरत नाही, कारण तो थोडा थोडा जातो.

आणि 2020 च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला, ते तर कोणीच विसरलं नसेल. वरून धरणाचं पाणी सुटलं, भंडारा शहरापासून पवनीपर्यंत नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. मातीची भिंत पाण्यात दोन दिवस उभी राहिली की खालून विरघळते, मग ऊन पडलं की बसते. पूर ओसरल्यावर घरं पडली ती अशी. तेव्हापासून नदीकाठच्या गटांमध्ये घराचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, जोता किती उंच घ्यायचा?

आता पैशाकडे येऊ. शहरातली माणसं सांगतात, पगाराचा अमुक हिस्सा दर महिन्याला बाजूला टाका. आपल्याकडे पगार कुठे आहे? आपला पैसा हंगामाने येतो. आषाढ-श्रावणात रोवणीची मजुरी, दिवाळीच्या आगेमागे कापणीची, मग धानाचे पैसे. फाल्गुन-चैत्रात मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. ज्यांच्या घरी तलावाची मासेमारी आहे त्यांचं गणित आणखी वेगळं. मधले दोन-तीन महिने हात अगदी कोरडा. अशा घराने दर महिन्याला दोन हजार टाकायचं ठरवलं तर तिसऱ्याच महिन्यात ते मोडतं, आणि एकदा मोडलं की बाई म्हणते, जाऊ द्या, आपल्याच्याने होत नाही.

म्हणून आम्ही दोन भाग सांगतो. एक भाग बारीक आणि नेमाचा, कोरड्या महिन्यातही जमेल इतकाच. दुसरा भाग मोठा, हंगामाचा, धान किंवा तेंदूचा पैसा हातात येतो त्याच आठवड्यात बाजूला काढायचा.

बारीक भागासाठी पोस्टाची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, आम्हाला बरी वाटते. महिन्याला 100 रुपयांपासून उघडता येते, मुदत पाच वर्षांची. समजा 500 रुपये धरले. पाच वर्षांत तुम्ही भरता 30,000. 6.7 टक्के दराने हातात येतात सुमारे 35,600. एक वर्षाचे बारा हप्ते भरून झाले की गरज पडल्यास जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळतं, खातं मोडावं लागत नाही. मात्र चारपेक्षा जास्त हप्ते चुकले तर खातं बंद पडतं. म्हणून हप्ता आपल्या वाईट महिन्याकडे पाहून ठरवा. धान विकल्याच्या आनंदात 1,500 ची आरडी उघडणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत आणि भाद्रपदात त्यांचे चेहरेही पाहिले आहेत.

इथे लाडक्या बहिणीच्या 1,500 रुपयांचा प्रश्न नेहमी येतो. 2024 च्या जुलैपासून ते पैसे अनेकींच्या खात्यात येत आहेत, आणि काही जणींनी ते सगळेच घरासाठी लावले. लावा, आम्ही नको म्हणत नाही. पण पाच वर्षांचा करार त्याच्या भरवशावर करू नका. योजनेच्या अटी सरकार ठरवतं, नावं वगळलीही जातात. 500 ची आरडी आपल्या मजुरीच्या जिवावर ठेवा आणि हे पैसे आले तसे बचत खात्यात वेगळे टाका. बंद झाले तरी आरडी चालू राहील.

हंगामाचा भाग धरा 8,000 रुपये. दरवर्षी धानाच्या पैशातून एवढे काढले तर पाच वर्षांत 40,000, व्याज सोडून. आरडीचे 35,600 त्यात मिळवा. पाऊण लाख झाले. दोन एकर धान आणि मजुरी करणाऱ्या घराला हे जमतं, आम्ही ते होताना पाहिलं आहे. सोपं आहे असं मात्र म्हणणार नाही. त्या पाच वर्षांत मंडईला पाहुणे येतात, नाटकाची तिकिटं लागतात, नणदेचं बाळंतपण येतं, आणि घरच्या पुरुषाला मोटारसायकल हवी असते. मोटारसायकलीने जेवढी घरं थांबवली तेवढी सिमेंटच्या भावाने थांबवली नसतील, असं आमचं मत आहे.

बाया विचारतात, गटात बचत करतोच की, मग वेगळी कशाला? कारण गटाची बचत ही गटाची ताकद आहे. आठवड्याला 50 रुपये टाकले तर वर्षाला 2,600 होतात, पण ते डब्यात बसून नसतात, ते दुसऱ्या बाईच्या औषधाला आणि तिसरीच्या बियाण्याला फिरत असतात. तसेच ते फिरायला हवेत, त्याच्यावरच बँक आपल्याला कर्ज देते. तुम्हाला घराचा पायवा खणायचा आहे म्हणून एका दिवसात सगळी बचत काढून मागितली तर गट मोडेल. तेव्हा गटाची बचत गटात आणि घराची वेगळ्या पुस्तकात. पुस्तक बाईच्या नावाचं. आणि घरातल्या पेटीत, पत्र्याच्या डब्यात तर नकोच. डब्यातला पैसा सगळ्या घराला माहीत असतो.

आता घरकुलाचं बोलू, कारण पाऊण लाखात घर होत नाही, हे तुम्ही मघापासून मनात म्हणत असाल.

पूर्वी इंदिरा आवास होतं. 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. आपल्यासारख्या सपाट भागात घरासाठी 1,20,000 रुपये मिळतात. रोजगार हमीतून आपल्याच घराच्या कामावर 90 दिवसांची मजुरी धरलेली आहे. 2025-26 च्या 312 रुपये दराने ती 28,080 होते. शौचालयाचे पूर्वी घेतले नसतील तर 12,000. म्हणजे एक लाख साठ हजार. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्याने आणखी 50,000 ची वाढ जाहीर केली, त्यातला काही भाग छतावरच्या सौर वीजेसाठी आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना रमाई आवास, आदिवासी कुटुंबांना शबरी आवास, इतर मागासवर्गासाठी 2023 पासून मोदी आवास. यादीत नाव आहे का, कोणत्या यादीत आहे, ते ग्रामसभेत वाचून घ्या. आधी दुचाकी असली, फ्रीज असला की नाव कापलं जायचं. 2024 नंतरच्या टप्प्यात त्या अटी सैल झाल्या आहेत, तेव्हा एकदा नाव कापलं गेलं म्हणून कायमचं गेलं असं धरून बसू नका.

रोजगार हमीचे ते 90 दिवस पुष्कळ घरं सोडून देतात. हजेरीपट निघालाच नाही, आम्ही कोणाला विचारायचं, असं सांगतात. ग्रामरोजगार सेवकाकडे कामाची मागणी लेखी द्या, पोच घ्या. अठ्ठावीस हजार म्हणजे दारं, खिडक्या आणि खालची फरशी.

पण मूळ अडचण दुसरी आहे. घरकुलाचा पैसा एकदम येत नाही, टप्प्याने येतो. पहिला हप्ता लहान असतो. जोता झाला की फोटो, मग पुढचा. भिंती वर गेल्या की फोटो, मग त्याच्या पुढचा. काम आधी, पैसा नंतर. शिवाय हप्ता कधी लगेच येतो, कधी दोन-दोन महिने येत नाही. तोवर विटावाला थांबत नाही, मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून जातो. म्हणून ज्या घराकडे आपले स्वतःचे पाऊण लाख नाहीत, निदान चाळीस-पन्नास हजार तरी नाहीत, त्या घराला घरकुल मंजूर झालं की आनंद कमी आणि घोर जास्त लागतो. आपली बचत या मधल्या खड्ड्यासाठी आहे. हप्ता येईपर्यंत काम चालू ठेवायचं, हप्ता आला की पुन्हा पुस्तकात भरायचं आणि पुढच्या टप्प्याला पुन्हा काढायचं.

आमच्या भागातल्या एका ताईचं उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. घरकुल मंजूर झालं, जुनं घर पाडलं, चार लेकरं घेऊन गोठ्यात राहायला गेल्या. भिंती लिंटेलपर्यंत आल्या आणि हप्ता अडला. मोहल्ल्यात येणाऱ्या एका फायनान्सकडून त्यांनी 40,000 घेतले. ते फेडायला दुसऱ्याकडून घेतले, मग तिसऱ्याकडून. घराचा हप्ता पुढे आला, पण तो घरात न जाता थेट कर्जात गेला. दोन पावसाळे लिंटेलवरच्या सळाखा गंजत राहिल्या. त्या बैठकीला यायच्या बंद झाल्या होत्या, ते आमच्या लक्षात आलं तेव्हा तिन्ही कर्जं मिळून आठवड्याला जवळपास दोन हजार भरत होत्या. गटाने आणि ग्रामसंघाने मिळून सगळ्यात महागडं कर्ज आधी फेडलं, ते एकच कर्ज गटाच्या दराने त्यांच्या नावावर घेतलं, बाकी दोन संपेपर्यंत नवं काही घ्यायचं नाही असं ठरलं. तिसऱ्या वर्षी पत्रे पडले. स्लॅबची इच्छा होती, ती तेवढी राहिली. पण आता त्या आत झोपतात.

कर्जाच्या व्याजाचं एक गणित नीट ऐका, हाताशी कागद असेल तर लिहून घ्या. समजा 60,000 घेतले, दोन वर्षांसाठी, व्याज वर्षाला 12 टक्के. एक जण म्हणतो सरळ व्याज, म्हणजे दोन वर्षं पूर्ण 60,000 वर व्याज. ते झालं 14,400. आपल्या गटात मात्र मुद्दल जशी फिटते तसं उरलेल्या रकमेवरच व्याज लागतं. महिन्याला 2,500 मुद्दल फेडली तर पहिल्या महिन्याचं व्याज 600, दुसऱ्याचं 575, असं उतरत शेवटच्या महिन्याचं 25. सगळं मिळून 7,500. दर दोघांनीही बाराच सांगितला, आणि एकाकडे जवळजवळ दुप्पट गेले. म्हणून दर विचारताना लगेच पुढचा प्रश्न विचारा, घटत्या शिलकीवर की सरळ? सही करायच्या आधी सगळं मिळून किती फेडायचं तो आकडा कागदावर मागा.

रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे की सूक्ष्म कर्जाच्या बाबतीत घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. आणि वसुलीला सकाळी नऊच्या आधी, संध्याकाळी सहाच्या नंतर येता येत नाही. रात्री आठ वाजता दारात बसून राहणाऱ्या माणसाला हे सांगायला घाबरू नका. एकटीने नका सांगू, चार जणी मिळून सांगा.

बांधायचं किती, याच्यावर घरोघरी वाद होतात. घरकुलाला किमान 25 चौरस मीटर लागतात, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. पैसा तेवढाच असताना पायवा मात्र तीन खोल्यांचा खणतात, कारण भावकीत शेजारच्याने तीन खोल्या घेतल्या. तिथेच घर अडतं. आमचं सांगणं असं की पुढे वाढवता येईल अशा बेताने जागा सोडा, पण आधी एक खोली, स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणी पुरं करा. पत्रे घालायचे असतील तर चांगले घाला आणि भिंत उंच घ्या, उन्हाळ्यात खाली जीव राहिला पाहिजे. जुन्या घराचे कवेलू, फाटे, दाराची सागवानी चौकट फेकू किंवा फुकट देऊ नका. गुरांच्या कोठ्याला, सपरीला कामी येतात. आणि धान ठेवायची जागा मिस्त्रीच्या नकाशात कधीच नसते, ती बाईनेच सांगावी लागते. नाहीतर नव्या घरात पोत्यांवर झोपायची वेळ येते.

कामाचा महिनाही पैसा वाचवतो. धान निघाल्यावर, पौष-माघात काम काढलं तर विहिरीला, बोडीला पाणी असतं. मे महिन्यात स्लॅब टाकला आणि विहीर आटली तर पाणी मारायला पाणी नाही, आणि पाणी नीट न मारलेला स्लॅब पहिल्याच पावसात गळतो. विटा पावसाआधी घेऊन ठेवता येतात, सिमेंट तसं ठेवता येत नाही, तीन महिन्यांत त्याचा जोर कमी होतो. रेतीचं तर काय सांगावं. वैनगंगा आपल्या दारातून जाते आणि आपल्यालाच रेती मिळत नाही. घरकुलवाल्यांना 5 ब्रासपर्यंत रेती मोफत देण्याचं धोरण आहे, त्यासाठी तहसीलकडे, ग्रामपंचायतीमार्फत मागणी लावून धरा. रात्रीच्या ट्रॅक्टरची रेती घेतली आणि ट्रॅक्टर धरला गेला तर आपलं नाव त्यात येतं. पाणी मारायची, विटा उचलायची मेहनत घरच्या बाईचीच असते. ती हिशोबाच्या वहीत लिहा. दिवस लिहा, मजुरी लिहा. घर किती रुपयांचं झालं हे सांगताना ती रक्कम कोणाच्या तोंडात येत नाही.

त्यातूनच नावाचा विषय निघतो. घरकुल बाईच्या नावाने किंवा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचं, असं योजनेतच लिहिलेलं आहे. आपल्या राज्यात तर 2003 सालीच शासनाने सांगितलं की ग्रामपंचायतीच्या दप्तरी घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी. घर दोघांचं म्हणून त्याची मोहीम झाली. वीस वर्षं उलटली, तरी नमुना 8 चा उतारा काढून पाहा, किती घरांवर बाईचं नाव आहे? आम्ही एका ग्रामसंघात पंचेचाळीस बायांना उतारा आणायला सांगितला. नाव होतं अकरा जणींचं. बाकीच्यांनी घरी विचारलं तेव्हा बहुतेक ठिकाणी भांडण झालं नाही, नवरे म्हणाले, लाव ना, त्यात काय. म्हणजे अडत होतं ते फक्त कोणी अर्ज केला नव्हता म्हणून. दोन-तीन ठिकाणी भांडण झालं, नाही असं नाही. एका घरी सासऱ्यांनी चार महिने उतारा दिला नाही.

नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे, हेही लक्षात ठेवा. गावठाणातल्या जागांची ड्रोनने मोजणी होऊन स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका मिळत आहेत. 2020 पासून हे काम चालू आहे. तुमच्या गावची झाली असेल तर त्यावरची नावं वाचा, किंवा शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांना जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते, त्याची चौकशी पंचायत समितीत करायची. आणि ज्या बहिणी नवऱ्याने टाकलेल्या आहेत, विधवा आहेत, माहेरी भावाच्या सपरीत राहतात, त्यांनी आपलं कुटुंब वेगळं म्हणून नोंदवलं गेलं आहे की नाही हे आधी पाहावं. रेशनकार्डात भावाच्या घरात नाव राहिलं की घरकुलाच्या यादीत त्या दिसतच नाहीत. या बायांसाठी ग्रामसंघाने ग्रामसभेत उभं राहिलं पाहिजे, त्या एकट्या बोलू शकत नाहीत.

आमच्या गटांमध्ये सध्या चौदा जणींची घराची वेगळी पुस्तकं चालू आहेत. दोघींची पाच वर्षं या संक्रांतीला पुरी होतात. एकीचं नाव यादीत आलं आहे, दुसरीचं नाही, तरी तिने जोत्यापुरत्या विटा घेऊन ठेवल्या आहेत. पुढच्या शनिवारच्या बैठकीत आम्ही सगळ्यांचे नमुना 8 चे उतारे आणि पोस्टाची पुस्तकं एकत्र पाहणार आहोत. तुमच्या गटातही पाहा, आणि काही अडलं तर ग्रामसंघाच्या सचिव ताईंकडे लिहून द्या. येत्या कार्यक्रमात मिस्त्रीशी मजुरीचा करार कागदावर कसा करायचा, ते सांगू.